तिसऱ्या परीक्षकाची शंका

कागद पूर्ण बाहेर येण्याआधीच घाईबाईने तो ओढला आणि प्रिंटरने आपला अर्धा वाटा आत ठेवून घेतला. हातात आलेल्या तुकड्यावर, तिने जर्नलला पाठवलेल्या शोधनिबंधाबद्दल, पहिल्या परीक्षकाचं कौतुक होतं, दुसऱ्याच्या किरकोळ दुरुस्त्या होत्या आणि तिसऱ्याचं वाक्य मध्येच तुटलं होतं. 'मात्र लेखकांनी हा प्रयोग वयस्कर' एवढंच.

"वयस्कर काय?" ती प्रिंटरवर खेकसली.

घाईबाई हे नाव तिला सरांनी ठेवलं होतं, ती त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली तेव्हा. गरम काचेची नळी थंड व्हायच्या आत उचलून तिने बोटं भाजून घेतली होती. पुढे ती डॉक्टर झाली, प्रोफेसर झाली, सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत विभागप्रमुख म्हणून बसली, पण नाव काही सुटलं नाही. आता तिचे विद्यार्थी तिच्या पाठीमागे तेच वापरत आणि तिला ते माहीत होतं.

झाकण उघडून तिने अडकलेला तुकडा काढला आणि दोन्ही भाग टेबलावर जोडून वाचले. तिसऱ्या परीक्षकाचं म्हणणं साधं होतं. हे नवं औषध दिलं की शरीरातल्या थकलेल्या संरक्षक पेशी पुन्हा कामाला लागतात आणि कर्करोगाची गाठ विरघळते, हे लेखकांनी उत्तम दाखवलं आहे. पण त्यांचे सगळे उंदीर तरुण आहेत. माणसाला हा रोग बहुधा उतारवयात होतो, आणि म्हाताऱ्या शरीरातल्या संरक्षक पेशीही म्हाताऱ्याच असतात. त्या उठतात का? वयस्कर उंदरांवर प्रयोग करून बघावा आणि मग निबंध पुन्हा पाठवावा.

घाईबाईने खुर्चीला पाठ टेकली. शंका खोडसाळ असती तर तिने चार ओळींत उडवून लावली असती. पण ती रास्त होती. जगभर सगळेच तरुण उंदीर वापरतात, कारण ते स्वस्त पडतात, भराभर मिळतात आणि निकालही भराभर देतात. सगळेच करतात म्हटल्यावर कुणी विचारत नाही. आणि ह्या माणसाने नेमकं आत्ता विचारलं होतं.

आत्ता, म्हणजे सरांच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली असताना. आयुष्यभर ज्या रोगाच्या मागे ते लागले होते तोच त्यांच्या मागे लागला होता, आणि डॉक्टरांनी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, बाजूला घेऊन जे सांगितलं ते काकूंनी घाईबाईला फोनवर सांगितलं होतं. उन्हाळा निघेल असं वाटत नाही. निबंधावर पहिलं नाव घाईबाईचं होतं आणि शेवटचं, गुरूच्या जागेवरचं, सरांचं. हा निबंध आता स्वीकारला गेला तर महिन्याभरात छापून येईल आणि सर तो हातात धरतील. नाहीतर जर्नलची एक पद्धत होती. छापून येण्याआधी लेखक गेला तर त्याच्या नावावर एक बारीक फुली येते आणि पानाच्या तळाशी एक शब्द: दिवंगत. घाईबाईने अशा फुल्या पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे गेली होती. ह्या फुलीवरून तिला तशी नजर फिरवता येणार नव्हती.

ती उठून थेट तळमजल्यावर गेली. प्राण्यांच्या विभागाची जबाबदारी ज्या गृहस्थांकडे होती त्यांना सारी संस्था उंदीरमामा म्हणत असे, आणि ते स्वतः फोनवरही तसंच सांगत.

"मामा, म्हातारे उंदीर आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत की. पिल्लं काढून काढून रिटायर झालेले. फेकवत नाहीत हो, ठेवलेत सांभाळून. दोन वर्षांचे होत आले."

"त्यांच्यावर आपला प्रयोग केला तर किती दिवस लागतील?"

मामांनी हातातला पिंजरा फळीवर ठेवला. "मॅडम, तरुण उंदीर सांगितलेलं ऐकतो. म्हाताऱ्याचं काही खरं नाही. त्याची गाठ हळू वाढते, औषध हळू लागतं, त्यात दोन-चार जण आपले आपणच राम म्हणतात. चार महिने धरून चाला."

"दोनमध्ये नाही का होणार?"

"तुम्ही म्हणत असाल तर सांगून बघतो त्यांना."

एरवी ती हसली असती. वर येऊन बघते तर तिच्या केबिनमध्ये संचालक बसलेले होते. त्यांना सरांवर एक स्मरणिका काढायची होती आणि त्यासाठी सरांच्या सगळ्या शोधनिबंधांची यादी घाईबाईने तयार करून दिली होती. कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि त्या दोहोंमधलं भांडण, एवढ्याच विषयावर चाळीस वर्षं. ती यादी संचालकांनी टेबलावर पसरली होती.

"दोन पानांत संपते हो ही," ते म्हणाले. "मुखपृष्ठ-मलपृष्ठ धरून चार पानं. ह्याला स्मरणिका म्हणायचं की हँडबिल? आजकालची पोरं डॉक्टरेट होईस्तोवर एवढे पेपर काढतात."

"सर एकेक पेपर तीन-तीन वर्षं दाबून ठेवायचे."

"माहीत आहे. माझाही एक दाबला होता त्यांनी." संचालक हसले. ते काही वाईट माणूस नव्हते. एकेकाळी तेही सरांचेच विद्यार्थी होते आणि सरांना भेटून आले की गाडीत बराच वेळ बसून राहत. "निदान हा शेवटचा तरी यादीत नीट यायला हवा. काय म्हणतात परीक्षक?"

तिने जोडलेले तुकडे पुढे सरकवले. त्यांनी वाचले आणि चष्मा काढला.

"संपादक माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. तुम्ही एक पत्र लिहा. परिस्थिती सांगा. म्हाताऱ्या उंदरांचा प्रयोग पुढच्या पेपरात करू म्हणा. जगात काही माणुसकी आहे की नाही? मी वरून फोन करतो."

तिने लिहिलं. सरांचा आजार, त्यांची कारकीर्द, विनंती. सगळं एका बैठकीत, न थांबता. पत्रावर दोघांची सही लागणार होती, म्हणून ते घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या घरी गेली.

सरांची सही मिळवणं ही संस्थेतली एक दंतकथा होती. न वाचता त्यांनी कशावरही सही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पार्सल आणणारा माणूस दारात ताटकळत उभा राही आणि सर पावतीच्या पाठीमागचे बारीक अक्षरातले नियम वाचत. घाईबाईने लग्नासाठी रजेचा अर्ज दिला तेव्हा त्यांनी तो परत केला होता, 'कुणाशी ते लिहिलेलं नाही' म्हणून. ऑपरेशनच्या आधी संमतिपत्रात त्यांनी दोन चुका काढल्या होत्या आणि सर्जन हातमोजे घालून उभा होता. काकू तर सांगत की लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी रजिस्टरचं अख्खं पान वाचून काढेपर्यंत त्या पेन धरून उभ्या होत्या. "मला वाटलं, ह्यांचा विचार बदलला."

काकूंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "आज बरं आहे. दोन घास खाल्ले."

सर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. अंगावरचा सदरा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा सैल झाला होता. तिने परीक्षकांची मतं दिली, मग पत्र दिलं. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं. त्या पेनाला घाईबाई आयुष्यभर घाबरत आली होती. तिने लिहिलेलं एकही पान त्या हिरव्या रेघेशिवाय कधी परत आलं नव्हतं. 'निश्चितपणे' हा तिचा आवडता शब्द आणि तो त्यांचा ठरलेला बळी. तो दिसला की पेनाची एक सरळ रेघ, वर काही शेरा नाही.

काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. सर वाचत होते. पेन चाललं होतं, म्हणजे सही होणार, असं तिला वाटलं. शेवटी त्यांनी पत्र परत दिलं. 'अत्यंत' दोन ठिकाणी कापला होता. दोन 'नम्र'पैकी एक गेला होता. 'निश्चितपणे' गेला होता. एक लांबलचक वाक्य तोडून दोन केली होती आणि पत्र खरोखरच पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. सहीच्या जागी हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पाठवू नये.'

"सर, पाठवायचंच नव्हतं तर दुरुस्त्या कशाला केल्या?"

"न पाठवायचं पत्रसुद्धा नीट असावं."

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने चष्मा काढला.

"मला तुमच्या नावावर ती फुली नको आहे," ती म्हणाली. "मला तुमच्या हातात छापलेला पेपर द्यायचा आहे. बाकी मला काही नको."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सरांनी परीक्षकांची मतं पुन्हा उचलली.

"तिसऱ्याचं म्हणणं चुकीचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला का सुचलं नाही मग? ह्या वयात तरी सुचायला हवं होतं." त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "उद्या माझ्या वयाच्या एखाद्या माणसाला त्याचा डॉक्टर आपला पेपर वाचून हे औषध देईल. तो बिचारा आशेवर राहील. घर विकेल एखादे वेळी. आणि आपण बघितलं काय, तर अजून मिशासुद्धा न फुटलेले उंदीर."

"उंदरांना जन्मतःच मिशा असतात सर."

"बघ. एवढं कळतं तुला." त्यांना धाप लागली. ती शमल्यावर ते म्हणाले, "फुलीचं काय घेऊन बसलीस? माणूस गेला तर गेला असं लिहायला नको? छापील थाप कशाला मारायची?"

तिने पत्राची घडी केली. तिला त्यांचा राग आला होता. हे तिने नंतर काकूंना सांगितलंही. मरणाच्या दारातला माणूस आपल्याला एक गोष्टही मनासारखी करू देत नाही, ह्याचा राग. काकू म्हणाल्या, "तुला आत्ता आला होय? मला तर संसार सुरू झाला तेव्हापासून येतोय."

प्रयोग सुरू झाला. मामांनी म्हाताऱ्या उंदरांचे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय, हे मामांनाच माहीत. मोजणाऱ्यांना कळता कामा नये, नाहीतर माणसाचा डोळा त्याला हवं तेच मोजतो. मामांच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण हे गुपित त्यांनी एखाद्या ठेव्यासारखं जपलं. घाईबाई रोज एकदा तळमजल्यावर उतरे आणि काहीतरी निमित्त काढून पिंजऱ्यांसमोर उभी राही. मामा आडवे येत.

"मॅडम, तुम्ही बघितल्याने ते लवकर बरे होणार नाहीत."

सुट्टीच्या दिवशी दोघंही सरांकडे जात. मामा सोफ्याच्या कडेवर बसत आणि उंदरांची खबरबात सांगत. त्यात एक पांढरा, एका कानाने फाटका उंदीर होता. मामांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं आणि सर त्याच्याबद्दल आवर्जून विचारत.

"आजोबा काय म्हणतात?"

"मजेत. खातात, झोपतात. बायकोवर ओरडत नाहीत."

"मग त्यालाच पाठवा इकडे," काकू आतून म्हणाल्या, "आणि ह्यांना न्या पिंजऱ्यात."

सर हसले की खोकला येई, आणि खोकला आला की सगळ्यांना हसल्याबद्दल अपराधी वाटे. खुर्ची गेली, पलंग आला. पलंगाशेजारी औषधांच्या बाटल्यांमध्ये हिरवं पेन तेवढं उभं होतं. एकदा घाईबाई एकटीच आली असताना त्यांनी उशाखालून दोन कागद काढले.

"जर्नलचा नियम काय आहे? शेवटचा मजकूर सगळ्या लेखकांनी वाचून सही केलेला पाहिजे. मेलेल्या माणसाची सही चालत नाही. म्हणून आधीच करून ठेवलंय."

तिने वाचलं. निबंधाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा लिहिला होता. अक्षर हललं होतं, पण वाक्यं नाही. एका कागदावर, म्हाताऱ्या शरीरातही औषध काम करतं, हे आमच्या मर्यादित पाहणीत दिसलं. दुसऱ्यावर, म्हाताऱ्या शरीरात ते काम करत नाही, आणि का करत नाही हे आम्हाला माहीत नाही. दोन्ही कागदांखाली सही.

"जो निकाल येईल तो कागद लाव. दुसरा फाडून टाक. दोन्ही आवडीने लिहिलेत मी, कुठला आला तरी वाईट वाटून घेऊ नकोस."

तिने दोन्ही पुन्हा वाचले. खरंतर 'हो सर' म्हणून कागद पर्समध्ये टाकायचे, हीच आजवरची रीत होती. पण ती कागद धरून तशीच बसली.

"काय झालं?"

"सर," ती सावकाश म्हणाली, "तिसरंच काही आलं तर?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्या सुकलेल्या चेहऱ्यावर एवढा आनंद कितीतरी दिवसांत उमटला नव्हता.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "एक कागद दे बघू. चांगला, कोरा."

काकूंनी कागद आणून दिला आणि खाली धरायला एक पुस्तक दिलं. सरांनी पेन उघडलं. कागदाच्या अगदी तळाशी, जिथे त्यांची सही नेहमी असे तिथे, त्यांनी सावकाश, शेवटच्या टिंबापर्यंत पूर्ण सही केली. वर सगळा कागद पांढरा होता.

काकूंच्या हातात पेला होता. तो तसाच राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "कोरा आहे तो. वाचा तरी."

"वाचला," सर म्हणाले.

कागद त्यांनी घाईबाईपुढे धरला. तिला तो घेववेना. तिला काय वाटलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. आईने पहिल्यांदा घराची किल्ली हातात दिली होती तेव्हा असंच काहीसं वाटलं होतं, की एवढा विश्वास नको, मी हरवीन.

"घे. हात दुखतोय माझा." तिने घेतला. "आणि एक लिहून ठेव. फुलीच्या टिपेत नुसतं 'दिवंगत' नको. 'शेवटच्या प्रयोगाचा निकाल त्यांनी पाहिलेला नाही' असं स्पष्ट लिही. नाहीतर लोकांना वाटेल मी वरून बघितला."

त्यानंतर ते फार बोलले नाहीत. उन्हाळा निघाला नाही. सर गेले तेव्हा शेवटची मोजणी व्हायची होती. घाईबाई त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काकूंजवळ राहिली, तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आली आणि तळमजल्यावर गेली. मामा पिंजऱ्यातलं पाणी बदलत होते. त्यांचे डोळे सुजलेले होते. तिने दुसरी बाटली उचलून भरायला घेतली. ह्या खेपेला तिने किती दिवस लागतील ते विचारलं नाही.

मोजणी झाली, मग मामांनी आपलं गुपित सांगितलं. मिठाच्या पाण्याच्या गटात गाठी वाढल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. आणि औषधाच्या गटात त्या विरघळल्या नव्हत्या. वाढल्याही नव्हत्या. जेवढ्याला तेवढ्या, औषध सुरू केलं त्या आठवड्यात होत्या तशा, जागच्या जागी थांबल्या होत्या. तरुण उंदरांत असं एकदाही झालं नव्हतं. आजोबा औषधाच्या गटात निघाले. काखेत वाटाण्याएवढी गाठ घेऊन ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आपले खात बसले होते.

"म्हणजे बरा झाला की नाही झाला?" मामांनी विचारलं.

"दोन्ही नाही."

"जगतोय पण."

"हो. जगतोय."

संचालकांना तिने निकाल सांगितला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "वाढ थांबली म्हणजे यशच की! सरांचा पहिला कागद लावा. काम करतं, असं लिहिलंय ना त्यांनी? सहीसुद्धा आहे. आजच्या आज पाठवून द्या."

घाईबाईने क्षणभर खरंच विचार केला. कागद तयार होता. वाक्यं सरांची होती, तिच्यापेक्षा कितीतरी चांगली.

"ती सही सरांनी वाचून केलीय," ती म्हणाली, "पण जे वाचलं ते ह्या निकालाबद्दल नव्हतं."

संचालक पुन्हा बसले. मग म्हणाले, "स्मरणिका थांबवू मग. यादीची शेवटची ओळ रिकामी ठेवून छापणं बरं दिसणार नाही."

तो परिच्छेद लिहायला तिला कधी नव्हे एवढा वेळ लागला. ज्या बाईने अख्खं पत्र एका बैठकीत लिहिलं होतं ती एकेका वाक्यापाशी अडून बसू लागली. 'थांबली' म्हणायचं की 'थांबलेली दिसली'? किती काळ थांबली? पुढे काय होतं, हे आम्ही बघितलेलं नाही, मग तसं सांगायचं की नाही? कच्ची प्रत छापायची, वाचायची, फाडायची. टोपली भरली. मदतीला कुणाला बोलवावं असं तिच्या मनात येई आणि मग आठवे की ज्यांना बोलवायचं त्यांचा नंबर अजून फोनमध्ये आहे.

शेवटी एका सकाळी मजकूर जमला असं तिला वाटलं. तिने कपाटातून सहीचा कागद काढला, खालची हिरवी अक्षरं कुठे येतात ते कच्च्या कागदावर दोनदा जुळवून बघितलं आणि मग तो प्रिंटरमध्ये सरकवला. दुसरा कागद नव्हता आणि मिळणारही नव्हता. प्रिंटर घरघरला. कागद आत गेला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याची पांढरी कड दिसली. घाईबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

कागद सावकाश बाहेर आला आणि आपणहून तबकात पडला.

मामा काही सामानाची मागणी घेऊन आले होते. ते दारातच थांबले, कारण विभागप्रमुख एक कागद समोर ठेवून त्यावर वाकून बसल्या होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मामांनी पाय बदलून बघितला. खाकरून बघितलं.

"मॅडम, सही तेवढी करायची राहिलीय का?"

"वाचतेय," ती म्हणाली.

तिचं बोट ओळीओळीने खाली येत होतं. कच्च्या प्रती इतक्या वेळा वाचल्या होत्या की सगळं पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं माणसाला दिसत नाही. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. 'औषध दिलेल्या वयस्कर उंदरांत गाठीची वाढ निश्चितपणे थांबली.'

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिने खण उघडला. काकूंनी तेराव्या दिवशी दिलेलं हिरवं पेन त्यात होतं, अजून एकदाही न उघडलेलं. तिने टोपण काढलं, एक सरळ रेघ मारली, वर काही शेरा लिहिला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचलं.

मग सरांच्या सहीशेजारी जागा होती तिथे तिने आपली सही केली, आणि मामांच्या मागणीचा कागद घ्यायला हात पुढे केला.

"बसा मामा," ती म्हणाली. "हेही वाचावं लागेल."